काल्याच्या दिवशीची हाक

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलात की डोळा लागतो, आणि झोपेत ऐकलेली गोष्ट अर्धीच राहते. टाळ खाली ठेवा, पानसुपारी मागाहून होईल. आज तुम्हाला एका बुवांची गोष्ट सांगतो. या बुवांनी आपला आवाज देशाला देऊन टाकला. गोष्टीत आणखी एक माणूस आहे, तो फारसा बोलत नाही. तुमचं लक्ष बुवांकडेच जाईल, ते साहजिक आहे. पण त्या दुसऱ्यालाही नजरेआड करू नका.

निरूपणाआधी थोडं यंत्राबद्दल सांगावं लागेल.

सारवटचं खोरं तुम्ही पाहिलं नसेल. तीन बाजूंनी डोंगर, मधून एक अवखळ नदी आणि डोंगरांच्या पायथ्याला चिकटलेल्या सात वाड्या. पावसाळ्यात नदी अंगणात यायची, फाल्गुन-चैत्रात वणवा परड्यापर्यंत यायचा आणि वैशाखात विहिरीचा तळ दिसायचा. सगळ्या देशाचंच तसं झालं होतं. कुठे पूर, कुठे दुष्काळ, कुठे पेटलेली रानं. शेवटी दिल्लीत ठरलं की आपत्ती आल्यावर मदत धाडण्यापेक्षा आपत्तीबरोबर राहायला शिकायचं. त्यासाठी जे खातं उभं राहिलं त्याचं नाव राष्ट्रीय हाक केंद्र.

केंद्राने सारवटच्या डोंगरांत काचेचे धागे पुरले. केसासारखे बारीक, पण कोसभर लांब. धाग्याच्या एका टोकातून प्रकाशाचा ठिपका सोडायचा. वाटेत धागा जिथे जरासा ताणला गेला असेल, तिथून थोडा प्रकाश वेगळ्या तऱ्हेने परत येतो. त्यावरून डोंगर कुठे सरकतोय हे कळतं, मग ते सरकणं नखाएवढं का असेना. मातीत मुरलेलं पाणी कणाकणांमधली पकड सैल करत जातं, तेही मोजलं जायचं. पाऊस थांबला म्हणजे डोंगर थांबला असं नसतं. मुरलेलं पाणी पुढेही खाली उतरत असतं, आणि दरडी बऱ्याचदा उघडीप पडल्यावरच येतात. हे यंत्राला कळायचं. कधी दोन-अडीच तास आधी, कधी जेमतेम अर्धा तास आधी.

पण माणसं उठत नव्हती. फोनवर घंटा वाजायची, खांबावरच्या कर्ण्यातून एक बाई गोड आवाजात सांगायची, "कृपया सुरक्षित स्थळी जावे." पहिल्या वर्षी सगळे माळावरच्या निवाऱ्यात गेले. डोंगर अर्धा हात सरकून थांबला. परत आले तर मांजराने दूध सांडलेलं. दुसऱ्या वर्षी निम्मे गेले. तिसऱ्या वर्षी पलीकडच्या कोंडावर, दहा-बारा घरांच्या वस्तीत, ती बाई पाऊण तास गोड बोलत होती आणि माणसं भाकरी थापत होती. तो कोंड आता नाही.

त्यानंतर केंद्राच्या डॉ. मृण्मयी टिपणीस खोऱ्यात आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, चहात साखर न घेणाऱ्या. त्यांचं म्हणणं असं, की चूक डोंगरातल्या यंत्रात नाही, कानातल्या यंत्रात आहे. आवाज कानावर पडला की शब्दांचा अर्थ लागायच्या आधीच मेंदू ठरवतो, हा आवाज मानायचा की सोडून द्यायचा. रोज वाजणारी घंटा कानाला ऐकू येते, मनाला येत नाही. म्हणून खोऱ्यागणिक एक आवाज शोधायचा, ज्याला माणसं विचार न करता मानतात. त्या माणसाचं बोलणं काही आठवडे टिपून घ्यायचं. मग यंत्र त्याच आवाजात हवं ते बोलू शकतं, घराघरात, नाव घेऊन.

त्या दारोदार फिरून एकच प्रश्न विचारत होत्या. "कोणी हाक मारली तर तुम्ही तव्यावरची भाकरी सोडून उठाल?"

कुठल्या खोऱ्यात तालमीतल्या वस्तादाचं नाव आलं होतं, कुठे सुईणीचं. सारवटमध्ये बहुतेक सगळ्यांनी एकच नाव घेतलं, ह.भ.प. लहूबुवा पार्टे. बुवांचा आवाज मी तुम्हाला सांगून काय कळणार? मी त्यांच्या मागे टाळ घेऊन उभा राहिलेला माणूस. पहिला नामघोष त्यांनी उचलला की पोटातली भूक शांत व्हायची, एवढंच म्हणतो.

उलटं उत्तर फक्त गणपत दाभेकरने दिलं. हा आमचा वीणेकरी. उंच, वाकलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा. त्याने टिपणीसबाईंना विचारलं, "हाक कशापायी? जाऊन हात धरायचा."

"काका, एवढ्या घरांना कोण जाणार?"

"म्या जाईन की."

बाई हसल्या. त्यांनी ते लिहूनही घेतलं नाही, आणि लिहिण्यासारखं त्यात काही आहे असं आम्हालाही वाटलं नाही.

मग अट कळली. ज्याचा आवाज घेतला त्याने चारचौघांत पुन्हा बोलायचं नाही. भाषण नाही, भजन नाही, कीर्तन नाही. घरात बोला, बांधावर बोला. पण जो आवाज दर एकादशीला मंडपात ऐकू येतो तो हाकेच्या वेळी बोथट होतो. "धार टिकवायची तर सुरी रोज वापरायची नाही," असं बाई म्हणाल्या.

बुवा ओसरीवर बसले होते. आतून त्यांच्या बायकोने, सुरेखावहिनीने, सुनावलं, "द्या की. घरात तरी तुमचा आवाज कोण ऐकतंय? मी लग्नापासून ऐकत न्हाई."

सगळे हसले, बुवाही हसले. मग वहिनी बाहेर येऊन उंबऱ्यात बसल्या आणि हसणं थांबलं.

"कीर्तन न्हाई म्हणजे किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"जोपर्यंत डोंगर आहेत तोपर्यंत," बाई म्हणाल्या. त्यांनी खोटं सांगितलं नाही, हे त्यांच्या बाजूने म्हटलं पाहिजे.

बुवांनी दोन दिवस मागितले. त्या दोन दिवसांत ते गणपतबरोबर पलीकडच्या कोंडावर जाऊन आले, जिथे आता नुसतं गवत आहे. परत आल्यावर म्हणाले, "माझ्या कीर्तनाने माणूस तरतो असं मी आयुष्यभर सांगत आलो. आता खरोखर तरत असेल तर मागं कसा सरू?"

शेवटचं कीर्तन झालं. वीणा गळ्यातून काढून त्यांनी गणपतच्या गळ्यात घातली, रीतीप्रमाणे दोघे एकमेकांच्या पाया पडले. बुवांनी त्यानंतर वीणेला हात लावला नाही.

*

आता यंत्राचा गुण सांगतो, कारण तो होता. त्या साली वणवा आला तेव्हा घराघरात बुवा बोलले, "शांताराम, गुरांचं दावं सोड, नदीकडं हाक." शांतारामने विचार न करता दावं सोडलं. पुरात बोलले, दुष्काळात टँकर कधी येणार ते बोलले, डोंगर सरकला तेव्हा चार वेळा बोलले. दर वेळी माणसं उठली. केंद्राच्या अहवालात सारवटचं नाव पहिल्या पानावर होतं. आसाम-ओडिशाहून लोक पाहायला यायचे.

आणि बुवा मात्र किराणा दुकानात गेले की बोटाने दाखवायचे, हे द्या, ते द्या. एकदा सवयीने "राम कृष्ण हरी" म्हणून बसले तर शेजारी उभ्या असलेल्या बाईने झटकन पोराला कडेवर घेतलं आणि दाराकडे धावली. मग समजल्यावर ओशाळली. बुवा त्याहून ओशाळले. त्यानंतर ते घरीही हळू बोलायला लागले.

सुरेखावहिनींचं वेगळंच. यंत्र त्यांनाही हाक मारायचं, "सुरेखा, ऊठ." आणि शेजारी बुवा तोंड मिटून बसलेले असायचे.

"तो बरा हाय," वहिनी मला म्हणाल्या, "नावानं बोलवतो. ह्यांनी मला जन्मात नावानं हाक मारली न्हाई. अगं, ऐकलंस का, एवढंच."

"मग मारा की नावाने, बुवा," मी म्हटलं.

बुवा म्हणाले, "आता मारली तर ती घर सोडून पळेल."

हा विनोद होता. पण त्या घरातलं बोलणं कमी होत गेलं ते मी पाहिलं. वहिनी सांगायच्या, हाक येते तेव्हा सगळ्यात उशिरा उठणारा माणूस म्हणजे हेच. त्यांना हलवावं लागतं. माणसाचा स्वतःचा आवाज त्याला दचकवत नाही, हे शास्त्र आहे. शिवाय त्या आवाजाकडे कान द्यायचा नाही हे बुवांनी मनाला शिकवून ठेवलं होतं. नाहीतर गाणं गळ्यात दाबून कसं ठेवावं, असं ते म्हणाले होते. कान दिला की गळ्यात सूर यायचा, आणि सूर आला की गायचं नाही हे आठवायचं.

*

श्रावणातला सप्ताह. तुम्हाला सप्ताह ठाऊक आहे, तरी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढे तिच्यावरच सगळं आहे. सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. पहारे लावलेले असतात, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात ती जाते, सातही दिवस. वीणा उभी आहे तिथे सप्ताह आहे. आणि दुसरी रीत, कीर्तनातून मधेच उठायचं नाही. काल्याच्या कीर्तनातून तर मुळीच नाही. हे आम्हाला शिकवलं होतं खुद्द लहूबुवांनी. "घराला आग लागली तरी एक वेळ चालेल, पण कीर्तनातून उठलेल्याला दोन्हीकडचं मिळत नाही," असं ते म्हणायचे आणि उठणाऱ्याकडे बघत थांबायचे. तो बिचारा परत बसायचा.

काल्याचा दिवस उजाडला तो स्वच्छ उन्हाचा. आठवडाभराचा पाऊस रात्रीत थांबला होता. मंडप देवळापुढे, डोंगराच्या पायथ्याशी. ती बाजू आजवर कधी हललेली नव्हती. कीर्तनाला आळंदीला शिकलेले तरुण महाराज आले होते, सोहम महाराज. सातही वाड्या मंडपात. बुवा खांबाजवळ, श्रोत्यांत, डोळे मिटून. फोन रीतीप्रमाणे चपलांपाशी टोपलीत. मागे पत्र्याच्या शेडमध्ये महाप्रसादाचा स्वयंपाक, गॅसच्या मोठ्या भट्ट्या घोंघावतायत. वीणेचा पहारा गणपतचा.

महाराज गोकुळातल्या गवळणींपर्यंत आले होते. आणि खांबावरच्या कर्ण्यातून बुवा बोलले.

"मंडपातल्या मंडळींनो, उठा. देवळामागचा डोंगर सुटलाय. माळावर चला."

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. मी टाळ थांबवले. अर्धी माणसं गुडघ्यावर उठली. आणि मग त्या सगळ्यांनी एकच गोष्ट केली, आणि मीही केली. आम्ही वळून बुवांकडे पाहिलं.

बुवा बसलेले होते. डोळे मिटून, हात मांडीवर. त्यांना ती हाक पोचलीच नव्हती, जशी कधीच पोचत नव्हती.

गुडघ्यावरची माणसं खाली बसली. बुवाच बसलेत, मग काय? ऊन पडलंय. काला व्हायचाय. महाराजांनी क्षणभर बुवांकडे पाहिलं, पण गादीवर उभा राहिलेला कीर्तनकार संपल्याशिवाय उतरत नाही, त्यांनाही तसंच शिकवलं होतं. त्यांनी पुढचं चरण घेतलं, जरा घाईने. कर्ण्यातला आवाज पुन्हा आला, आता वाड्यांची नावं घेऊन. आवाज सांगत होता उठा, आणि ज्याचा आवाज तो बसला होता. आम्ही माणसाचं ऐकलं.

तेवढ्यात गणपत हलला.

वीणेकरी पहाऱ्यावर असताना जागा सोडत नाही. गणपत वीणा गळ्यात घेऊन माणसांच्या रांगांतून वाट काढत बुवांपर्यंत आला. बोलला काहीच नाही. वाकून बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तिथेच ठेवलं, बुवांनी डोळे उघडेपर्यंत. मग वीणा काढून समोर धरली.

पहारा बदलायची वेळ झालेली नव्हती. बुवांनी वीणेकडे पाहिलं, गणपतकडे पाहिलं, आणि मग आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे. तेव्हा कुठे त्यांना कर्णा ऐकू आला. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही.

ते उठले. रीत मोडली नाही. गणपतच्या पाया पडले, वीणा गळ्यात घातली. आणि इतक्या वर्षांनी तोंड उघडून नामघोष उचलला. नुसतं विठ्ठलाचं नाव, दुसरं काही नाही. आणि चालू लागले, मंडपाबाहेर, माळाच्या वाटेने.

वीणा उठली म्हणजे कीर्तन उठलं. आता बसून राहणं म्हणजेच रीत मोडणं झालं असतं. पखवाजवाल्याने पखवाज गळ्यात अडकवला, आम्ही टाळ उचलले, सोहम महाराज गादीवरून उतरून आमच्यात आले, आणि सगळा मंडप दिंडीसारखा बुवांच्या मागे निघाला. धक्का नाही, ओरड नाही. म्हाताऱ्यांना मधे घेऊन, पोरांना खांद्यावर घेऊन, नाम घेत. माळाची चढण चढताना मी एकदा वळून पाहिलं. गणपत आमच्यात नव्हता. पहारा उतरलेला वीणेकरी मागे स्वयंपाकाकडे चहाला जातो, ही पण रीतच आहे. मला तेच वाटलं.

पुढचं स्वयंपाकघरातल्या बायांनी सांगितलं. भट्ट्यांच्या घोंघाटात त्यांना ना कर्णा ऐकू आला ना नामघोष. गणपत आला आणि त्याने एकामागून एक भट्ट्यांच्या चाव्या बंद केल्या.

"अवं दाभेकरकाका, डाळ कच्ची हाय," एकजण ओरडली. "सातही वाड्यांला कच्ची डाळ घालता काय?"

गणपतने तिचा हात धरला आणि तिला दाराबाहेर नेऊन वाटेला लावलं. मग दुसरीचा धरला. तिसरीनंतर उरलेल्या आपणच निघाल्या. कोठीत बायजाआजी लाह्या निवडत बसली होती. तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. तिला त्याने पाठीवर घेतलं, ओढ्याचा साकव ओलांडला आणि बायांच्या हातात दिली.

आजी अजून सांगते, "मला म्हणाला आणखी कोण हाय का बघून येतो. ऐकू न्हाई आलं, पर ओठ वाचता येतात मला."

तो परत गेला. आत कोणी नव्हतं.

डोंगर आला तो गडगडत नव्हे, आधी झाडं उभीच्या उभी सरकत आली. मग मंडप दिसेनासा झाला, शेड दिसेनाशी झाली. देवळाचा कळस राहिला. माळावर नाम चालू होतं आणि बुवांनी ते थांबवलं नाही, कारण वीणा गळ्यात होती. काला तिथेच झाला. दही नव्हतं, लाह्या नव्हत्या. कोणाच्या तरी पिशवीतले चुरमुरे निघाले.

*

टिपणीसबाई आठवड्याने आल्या. ओसरीवर बसल्या. साखर न घातलेला चहा तसाच राहिला.

"यंत्राचं गणित बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "आवाजही बरोबर होता. आम्ही तुमचे कान मोजले. आवाज ऐकल्यावर माणूस बघतो कुणाकडे, ते मोजलंच नाही."

बुवांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"ती अट आम्ही काढून टाकलीय. तुम्ही आता कीर्तन करू शकता. हाक द्यायला नवा आवाजही शोधू."

"आवाज राहू द्या तुमच्यापाशी," बुवा म्हणाले. हळू नाही, पूर्वीसारखे मोकळ्या गळ्याने. "सुरेखाला सवय झालीय त्याची."

आतलं भांडं घासणं थांबलं. मला वाटलं आता वहिनी टोला देणार. पण त्या बाहेर आल्या, बाईंचा गार चहा उचलला आणि आत गेल्या. पदर डोळ्यांना लावला की नुसताच सारखा केला, मी बघितलं नाही.

"मग तुमची काय मागणी आहे?" बाईंनी विचारलं.

"गणपतने तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही लिहून घेतलं नव्हतं."

बाईंना आठवलं. त्यांनी मान खाली घातली, आणि मग लिहून घेतलं.

गणपतच्या दहाव्याला नदीकाठी बुवांनी कीर्तन केलं. त्यानंतरही करतात, एकादशीला. पण हाक आली की ते वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देतात आणि वाडीत शिरतात. कर्ण्यातून त्यांचाच आवाज बोलत असतो, आणि त्याच्याखाली हा माणूस मुकाट्याने दारोदार जाऊन हात धरत असतो. बहिऱ्यांचा, झोपलेल्यांचा, हट्टी लोकांचा. आता देशभर प्रत्येक वाडीत अशी दोन-दोन माणसं नेमलेली आहेत. कागदावर त्याला केंद्राचा दुसरा टप्पा म्हणतात.

त्या कागदात लहूबुवांचं नाव आहे, टिपणीसबाईंचं आहे, सारवटचंही आहे. दाभेकरांचं नाही. त्याचं म्हणणं लिहून घेतलं, नाव तेवढं राहून गेलं.

म्हणून तुम्हाला पुढे बोलावून बसवलं. तुमच्याकडेही पूर येईल, रान पेटेल, कधी डोंगर सुटेल, आणि कोणीतरी न बोलता येऊन तुमचा हात धरेल. तेव्हा डाळ कच्ची आहे म्हणू नका, उठा. आणि चालता चालता एकदा मनात गणपत दाभेकरचं नाव घ्या. मोठ्याने नको. त्याला ते आवडलं नसतं.